चित्रे हलावीत, घरचे अंदाजपत्रक नव्हे!

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी जी चर्चा रंगते, तिच्यात अलीकडे एका नव्या शब्दाची भर पडली आहे. डॉक्टर, इंजिनीअर, सी. ए., बँकेच्या परीक्षा ही नावे होतीच, आता मुलगी सरळ सांगते, “आई, मला ॲनिमेशन करायचंय.” आई बिचारी म्हणते, “म्हणजे कार्टूनच ना? त्यात शिकायचं काय?” आणि वडील विचारतात, “खर्च किती?” दोघांचेही प्रश्न रास्त आहेत. पण पुष्कळ घरांत पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याआधीच दुसऱ्याचे पैसे भरून मोकळे होतात!

मी साताऱ्यात एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. कॉम्प्युटरची पदवी माझ्याकडे नाही, साधी बी. ए. आहे. पण वर्गात फिरताना मुलांच्या वह्यांचे कोपरे नजरेतून सुटत नाहीत. पानापानावर एकच चेंडू, थोडा थोडा वर सरकवलेला. अंगठ्याने पाने फरफर सोडली की तो चेंडू उड्या मारू लागतो! रागवायचे बाजूला राहते आणि मीच दोनदा पाहून घेते. ॲनिमेशन म्हणजे मुळात एवढेच. थोड्या थोड्या फरकाची चित्रे भराभर डोळ्यांपुढून गेली की चित्र हलल्याचा भास होतो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे जातात. हाताने काढणारे कलावंत बहुधा एकेक चित्र दोनदा दाखवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे पुरतात. अर्ध्या मिनिटाच्या फिल्मला झाली ३६० चित्रे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

काड्यापेटीपासून सुरुवात

आपल्या महाराष्ट्राला ही कला नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्यानंतर दोनएक वर्षांनी त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली, हे थोड्यांना माहीत असते. आगकाड्या एकेक करून सरकवायच्या, दर वेळी कॅमेऱ्याची कळ दाबायची. पडद्यावर काड्या आपोआप चालतात! सामानाचा खर्च किती? एक काड्यापेटी.

ज्यांचे बालपण दूरदर्शनसमोर गेले, त्यांना ‘एक अनेक और एकता’ आठवत असेल. १९७४ सालच्या त्या फिल्मच्या दिग्दर्शिका होत्या विजया मुळे, आपल्या मराठी बाई. चित्रांचे काम भीमसेन यांचे. तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता, सॉफ्टवेअर नव्हते. हाताने चित्रे काढायची आणि एकेक करून कॅमेऱ्यात टिपायची. आज इतक्या वर्षांनी मुले ती फिल्म पाहतात आणि गुणगुणतात. म्हणजे लोकांच्या लक्षात राहते ती गोष्ट आणि तिच्यातला जीव. साधन कोणते वापरले, हे कोण विचारतो?

‘म्हणे’ या शब्दावर ठेव मोडायची?

गेल्या मे महिन्यात माहेरी, सांगलीला गेले होते. दादाची मुलगी नुकतीच बारावी झालेली. हात चांगला, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही रेखाकला परीक्षांत ‘ए’ श्रेणी. टेबलावर एका क्लासचे गुळगुळीत पत्रक पडले होते. शिकवणीची फी वेगळी, ‘खास’ कॉम्प्युटर वेगळा आणि ‘कंपन्यांत चालणारे’ सॉफ्टवेअर वेगळे. बेरीज पाहून मला घेरीच यायची बाकी राहिली.

वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, “वन्सं, पोस्टातली ठेव मोडावी म्हणते. तिच्या लग्नासाठीच ठेवली होती. शिक्षणाला गेली तर काय वाईट?”

वहिनींच्या मनाचा मोठेपणा मी जाणते. पण ठेव नेमकी कशासाठी मोडायची, हे त्या घरात कोणालाच धड सांगता येईना. भाचीला विचारले, तर म्हणाली, “अगं आत्या, ते सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय शिकताच येत नाही म्हणे.”

“कोण म्हणे?”

“क्लासवाले सर.”

आता दुकानदाराला विचारून कोणी साडीची किंमत ठरवते का? मग आम्ही दोघींनी वही घेतली आणि पंधरा दिवस रोज दुपारी बसून, विचारून, वाचून, करून पाहून एकेक सॉफ्टवेअरची माहिती लिहून काढली. त्या वहीतलीच ही पाने समजा.

आधी ठरवा: चित्र की बाहुली?

पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच. मुलीला काम कोणत्या रीतीने करायचे आहे, हा आहे. सपाट, म्हणजे द्विमितीय ॲनिमेशनच्या दोन मुख्य वाटा आहेत.

एक वाट चित्राची. प्रत्येक चित्र नव्याने काढायचे. कष्टाची, पण ज्यांना रेघेचा नाद आहे त्यांना हीच आवडते.

दुसरी वाट बाहुलीची. सांगलीकरांना ही समजावून सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ करून मराठी रंगभूमीचा पाया घातला, ते आपण शाळेत शिकतो. पण भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या जुन्या बाहुल्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. बाहुलीचे हात, कोपर, मान, कंबर वेगवेगळी असतात, सांध्याशी जोडलेली. दोरी ओढली की तेवढाच भाग हलतो. कॉम्प्युटरवरही तसेच करता येते. मुलगी एकदाच पात्र काढते, त्याचे भाग सुटे करते, आत सांगाडा बसवते. मग हात खाली असल्याचे एक चित्र आणि वर असल्याचे दुसरे ठरवून दिले की मधली चित्रे यंत्र भरते. रेघ कमी, जुळवाजुळव जास्त. टीव्हीच्या लांबलचक मालिकांना ही रीत परवडते.

दोन्ही वाटांची हत्यारे निराळी. पुरणयंत्र चांगले की शेवयांचा साचा चांगला, असे भांडण कोणी घालत नाही. करायचे काय, यावर ते ठरते.

फुकट म्हणजे हलके नव्हे

आपल्याला सवय आहे, फुकटच्या वस्तूकडे संशयाने पाहायची. कूपनावर मिळालेला चमचा आठ दिवसांत वाकतो, हा अनुभव! पण सॉफ्टवेअरच्या जगात एक वेगळीच जात आहे. तिला ‘ओपन सोर्स’ म्हणतात. जगभरचे जाणकार मिळून ते बनवतात, त्याची आतली कृती सर्वांना खुली असते आणि ते कायम विनामूल्य वापरता येते. आजीच्या लोणच्याची कृती जशी साऱ्या आळीला ठाऊक असते आणि प्रत्येक घर तीत काही सुधारणा करते, तसे म्हणा ना. यांतली आमच्या वहीतली नावे अशी:

पेन्सिल-टूडी – सर्वांत सोपे. आकाराने लहान, जुन्या कॉम्प्युटरवरही चालते. कागद-पेन्सिलीसारखे वापरायचे. आठवी-नववीच्या मुलांनाही दोन दिवसांत जमते. मोठ्या, रंगीत कामाला मात्र अपुरे पडते.

क्रिता – हे मूळचे चित्रकारांचे. ब्रश, रंग, पोत यांची रेलचेल. २०१६ पासून त्यात ॲनिमेशनचीही सोय आहे. चित्रे फार झाली की कॉम्प्युटरची मेमरी भरभर खाते, म्हणून लहान लहान तुकड्यांत काम करावे. एक सूचना: क्रिता त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. मायक्रोसॉफ्टच्या दुकानात त्याच क्रिताला पैसे पडतात. ते पैसे बनवणाऱ्यांना मदत म्हणून असतात. द्यायचे तर आनंदाने द्या, पण न कळता देऊ नका.

ओपनटून्झ – याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. मूळ ‘टून्झ’ हे इटलीतल्या एका कंपनीचे महागडे सॉफ्टवेअर. जपानच्या प्रसिद्ध स्टुडिओ जिब्लीने ते आपल्या चित्रपटांसाठी वापरले. मार्च २०१६ मध्ये ते सर्वांसाठी मोफत खुले झाले. कागदावर काढलेली चित्रे स्कॅन करून आत घ्यायची आणि रंगवायची सोय यात आहे. बाहुलीचा सांगाडाही बसवता येतो. मात्र पहिल्याच दिवशी इतकी बटणे दिसतात की छाती दडपते. शिकायला महिना-दीड महिना धरा, आणि मधूनच ते बंद पडते, म्हणून काम वारंवार साठवायची सवय हवी.

सिन्फिग – बाहुलीच्या वाटेचे. मधली चित्रे स्वतः भरते. चित्रकला बेताची, पण जुळवाजुळवीची हौस असलेल्या मुलांना हे मानवते.

ब्लेंडर – हे मुळात घन आकारांचे, म्हणजे त्रिमितीय ॲनिमेशनचे. पण यात ‘ग्रीस पेन्सिल’ नावाचे सपाट चित्रांचे साधन आहे. २००२ साली लोकांनी १ लाख युरोची वर्गणी जमवून हे सॉफ्टवेअर कंपनीच्या तावडीतून सोडवले आणि सर्वांना खुले केले. २०२५ साली ऑस्कर मिळालेला ‘फ्लो’ हा मांजराचा चित्रपट याच फुकटच्या ब्लेंडरवर बनला. फुकट म्हणजे हलके, असे म्हणणाऱ्यांना एवढे उदाहरण पुरे! शिकायला मात्र हे सगळ्यांत मोठे आहे आणि कॉम्प्युटरही त्यामानाने चांगला लागतो.

मोबाइलवर फ्लिपाक्लिप आहे. बोटानेही चित्र काढता येते. फुकटच्या आवृत्तीत काही सोयी बंद असतात, पण घरात कॉम्प्युटर नसेल तर गोडी लागते की नाही, हे पाहायला उत्तम.

भाड्याचे घर आणि स्वतःचे घर

आता पैसे देऊन घ्यायच्या सॉफ्टवेअरकडे वळू. यांत दोन प्रकार, आणि हा फरक प्रत्येक आईला समजलाच पाहिजे.

पहिला प्रकार भाड्याचा. दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरायचे; भरणे थांबले की सॉफ्टवेअर बंद. मोठ्या स्टुडिओंत चालणारे कॅनडाचे टून बूम हार्मनी बहुतेक असेच मिळते. अडोबी कंपनीनेही २०१३ पासून हाच मार्ग धरला. विद्यार्थ्यांना सवलत असते, पण ओळखपत्र असेपर्यंतच; शिक्षण संपले की पूर्ण दर. जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा दर आणि दुसऱ्या वर्षाचा दर एकच असेल, असेही नाही. महिना १००० रुपये धरले तरी चार वर्षांचे ४८ हजार होतात, आणि शेवटी हातात काही राहत नाही.

दुसरा प्रकार एकदाच पैसे देऊन विकत घ्यायचा. बाहुलीच्या कामासाठीचे मोहो असे मिळते. जपानचे क्लिप स्टुडिओ पेंटही एकरकमी घेता येते आणि त्यामानाने स्वस्त आहे. पण इथे एक खोच आहे. त्याच्या ‘प्रो’ आवृत्तीत एका वेळी फक्त २४ चित्रांचे ॲनिमेशन होते. मघाचा हिशेब आठवा: सेकंदाला १२. म्हणजे दोन सेकंद! लांब फिल्मसाठी महाग ‘ईएक्स’ आवृत्ती घ्यावी लागते. स्वस्त म्हणून घाईने घेतले की असे होते.

आणखी एक धडा ‘फ्लॅश’चा. एके काळी इंटरनेटवरची कितीतरी कार्टून फ्लॅशमध्ये बनत. २०१६ मध्ये त्या सॉफ्टवेअरचे नाव बदलले, आणि ती कार्टून दाखवणारा फ्लॅश प्लेअर २०२० च्या अखेरीस कंपनीने बंदच केला. ज्यांनी आपले काम फक्त त्याच रूपात ठेवले, त्यांची पंचाईत झाली. म्हणून सॉफ्टवेअर कोणतेही असो, तयार फिल्म साध्या व्हिडिओच्या रूपात आणि चित्रे साध्या चित्रांच्या रूपात वेगळी काढून ठेवायची. वाळवण नुसते गच्चीवर ठेवून चालत नाही, डब्यातही भरावे लागते.

आणि तिसरा, चोरीचा प्रकार. “पेन ड्राइव्हवर देतो की, शंभर रुपयांत!” असे सांगणारे गावोगावी भेटतात. तो कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय त्यातून व्हायरस शिरला तर मुलीची चित्रेच काय, घरचे बँकेचे व्यवहारही धोक्यात येतात. चांगली फुकट साधने हजर असताना हा विषाचा घोट कशाला?

पैसे कुठे घालावेत?

मग काहीच खर्च करायचा नाही का? करायचा, पण योग्य जागी.

पहिला खर्च कॉम्प्युटरच्या मेमरीचा. घरात चारपाच वर्षांचा कॉम्प्युटर असेल तर तो लगेच काढू नका. मेमरी ८ जीबीपर्यंत वाढवून घ्या; पेन्सिल-टूडी, क्रिता यांवर शिकायला तेवढी पुरते.

दुसरा खर्च चित्र काढायच्या पाटीचा. माउसने चित्र काढणे म्हणजे साबणाच्या वडीने रांगोळी काढणे! पडदा नसलेली साधी पाटी आणि तिच्याबरोबरची पेन ३ ते ५ हजारांत येते. पडदा असलेली पाटी कितीतरी महाग. पहिल्या वर्षी तिची गरज नाही.

तिसरा खर्च कागदाचा. स्केचबुके, पेन्सिली यांना नाही म्हणू नका. सातारा जिल्ह्यात औंधला भवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः उत्तम चित्रकार, त्यांनी ते उभे केले. राजा रविवर्म्याची चित्रे तिथे आहेत. एस. टी. ने एका दिवसात जाऊन येता येते. घरी आल्यावर पाहिलेले आठवून काढायला लावा. बाजारातली गर्दी, स्टँडवर वाट पाहणाऱ्या बायका, शेळी, भाजीवाली हेही सगळे चित्रासाठी उभेच आहे, आणि फी घेत नाही.

शिकवणीचे काय? मुंबईच्या आय. आय. टी. च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात सिन्फिग, ब्लेंडर, इंकस्केप अशा फुकट सॉफ्टवेअरचे पायरी-पायरीने दाखवणारे धडे आहेत. तेही विनामूल्य, आणि अनेक धड्यांचे बोलणे मराठीतही केलेले आहे. इंग्रजीला बिचकणाऱ्या आपल्या गावच्या मुलींना याचा फार आधार वाटेल.

क्लासला विचारायचे प्रश्न

सगळे क्लास वाईट असे मी म्हणणार नाही. चांगला शिक्षक मिळाला तर वर्षाचे काम चार महिन्यांत होते. पण पैसे भरण्याआधी विचारा. फीमध्ये सॉफ्टवेअर धरले आहे का? ते कोणाच्या नावावर, आणि किती महिने? मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या फिल्म दाखवाल का? आठवड्यातले किती तास रेखाटनाचे आणि किती बटणे दाबण्याचे? फी हप्त्याने घेता का, आणि मुलीने मध्येच सोडले तर परत किती देता? उत्तरे लेखी मागा. भाजी घेताना आपण देठ मोडून पाहतो, मग इथेच संकोच का?

“कंपनीत हेच सॉफ्टवेअर लागतं” असे हमखास सांगतील. त्यात तथ्य आहे, पण ते शेवटच्या वर्षाचे. वजन, वेग, वळण, चेहऱ्यावरचा भाव हे ज्याला साधले, तो नवे सॉफ्टवेअर काही आठवड्यांत आत्मसात करतो. पायमशीनवर शिवायला शिकलेल्या बाईला विजेचे मशीन परके वाटत नाही. तेव्हा काम शिकायला एखाद्या स्टुडिओत जायची वेळ आली आणि तिथे हार्मनीच हवे असले, तर त्या काही महिन्यांपुरते विद्यार्थी-सवलतीत भाड्याने घ्यावे. तो खर्च तेव्हा वाया जात नाही. मोठ्या संस्थांचेही तसेच. अहमदाबादची एन. आय. डी. किंवा आय. आय. टी. च्या डिझाइन शाखा यांच्या प्रवेशपरीक्षांत निरीक्षण, कल्पना आणि हाताने काढलेले चित्र पाहतात. कोणते सॉफ्टवेअर येते, हे विचारत नाहीत.

शितावरून भाताची परीक्षा

आता निवड कशी करायची? आम्ही केले ते सांगते. एकच छोटा प्रसंग घ्या, तीन सेकंदांचा: चेंडू उडतो, आपटतो, घरंगळत थांबतो. झाली ३६ चित्रे. हाच प्रसंग दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये करून पाहायचा. कुठे हात अडखळला, कुठे कॉम्प्युटर रखडला, कुठे वेळेचे भान हरपले, हे वहीत लिहायचे. चौथ्या दिवशी उत्तर आपोआप मिळते.

भाचीने पेन्सिल-टूडी आणि क्रितावर चेंडू उडवला आणि क्रिता निवडले. पाटी घेतली, मेमरी वाढवली. महिन्याभरात तिने कृष्णेच्या पाण्यावरून उडत जाणाऱ्या बगळ्याची २० सेकंदांची फिल्म केली. पंखांची ८ चित्रे काढली आणि तीच फिरवून फिरवून वापरली. ही युक्तीही तिची तिनेच शोधली. वीज गेली तर काम बुडू नये म्हणून दर दहा मिनिटांनी साठवायचे आणि रात्री पेन ड्राइव्हवर उतरवायचे, हा नियम दादाने घालून दिला. ठेव अजून पोस्टातच आहे. पुढे खऱ्या कॉलेजच्या फीला ती लागेल, आणि तेव्हा ती मोडताना वहिनींच्या मनात ‘म्हणे’ असणार नाही.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींची चित्रकला रांगोळीपाशी आणि रुखवतापाशी थांबली! मुलीचा हात थांबू नये असे वाटणे साहजिकच आहे. पण तिच्या हौसेचे मोल महाग वस्तूने होत नाही. पहिले वर्ष फुकटच्या साधनावर घालवू द्या. वर्ष संपताना तिच्याकडे चारपाच छोट्या फिल्म आणि भरलेली तीन स्केचबुके असतील, तर पुढच्या खर्चाला मनापासून हो म्हणा. नसतील, तर रागवू नका. आवड कळली, आणि पैसेही वाचले. मात्र त्या वर्षात एक गोष्ट अवश्य करा. तिने केलेली फिल्म दाखवायला आणली की हातातली पोळी खाली ठेवा, आणि नीट बघा.